पिल्लू नेले कोणी?

साखरी नाटे बंदरावर मासळीसाठी घारी घिरट्या घालतात, म्हणून परसातले पिल्लू गेले की आळ घारीवरच येतो. पुष्कळदा चोर शिक्रा असतो. कबुतराएवढा हा पक्षी आंब्याच्या पानांत दबा धरतो. उघड्यावरून येणारी घार कोंबडीला दुरूनच दिसते. ती बारीक, लांबट ओरडते आणि पिल्ले लपतात. (मुंगूस दिसले की ओरडणे तुटक असते, विद्यार्थ्यांना जरूर ऐकवा.) शिक्रा मात्र इशाऱ्याला वेळच देत नाही. गलोल उचलू नये. १९७२ च्या कायद्याने दोन्ही पक्ष्यांना संरक्षण आहे. वाढलेली कोंबडी त्यांना उचलवत नाही, तेव्हा राखण दीड-दोन महिन्यांचीच. तोवर पिल्ले डालग्याखाली किंवा मासेमारीच्या जुन्या जाळ्याखाली ठेवावीत. जाळे ताणून बांधावे. सैल जाळ्यात पक्षी अडकतात.