उजेडाची वाटणी

लंडनमधल्या भाचीला फोन करताना मी उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक धरतो, हिवाळ्यात साडेपाच. आपलं घड्याळ जागेवरच असतं, सरकतं ते तिकडचं. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे.

हा खटाटोप कशासाठी? मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकरा तासांचा. लंडनला जूनमध्ये साडेसोळा, डिसेंबरात जेमतेम आठ! घड्याळ पुढे केलं नाही, तर जूनमध्ये तिथे पावणेचारलाच सूर्य उगवेल आणि ते ऊन झोपेत वाया जाईल. विल्यम विलेट या बांधकाम व्यावसायिकानं १९०७ मध्ये हेच मांडलं. कायदा मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ मध्ये झाला. महायुद्धात कोळसा वाचवायचा होता.

मग तो तास कायमचाच पुढे का ठेवू नये? ब्रिटननं १९६८ ते १९७१ तेही करून पाहिलं. ॲबरडीनला डिसेंबरात सूर्य पावणेदहाला उगवू लागला, मुलं अंधारात शाळेला निघू लागली. शेवटी तो प्रयोग आवरता घ्यावा लागला.

मंडळी, घड्याळ उजेड वाढवत नाही, फक्त वाटून देतं. संध्याकाळच्या पदरात टाकलेला तास सकाळच्या पदरातून काढलेला असतो.