जुने प्रिंटर आणि देवनागरी अक्षरांची रुंदी

‘प्रपोर्शनल फॉन्ट’ म्हणजे प्रत्येक अक्षराला त्याच्या आकाराइतकीच रुंदी देणारा टंक. टाइपरायटर आणि त्याच्या वळणावर चालणारे जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र सर्व अक्षरांना सारखीच जागा देत, सहसा एका इंचात 10 अक्षरे. वर्डस्टारसारखी डॉसवरील सॉफ्टवेअरे याच गृहीतकावर चालत, म्हणजे अक्षरांची संख्या हीच ओळीची लांबी मानून उरलेला भाग कोऱ्या जागांनी भरत. रोमन लिपीत हे चालून जाते, देवनागरीला ते जाचक ठरते: बुलढाणा जिल्ह्यातील गावांची यादी छापताना ‘लोणार’मधील र अरुंद, तर ‘सिंदखेड राजा’तील ख ऐसपैस असतो, शिवाय मात्रा आणि अनुस्वार शिरोरेषेवर बसत असल्याने स्वतंत्र रुंदी घेतच नाहीत, त्यामुळे साठवलेल्या चिन्हांची संख्या आणि कागदावरची लांबी यांचा मेळ बसत नाही.

पुण्यात 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेच्या, संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी आली, ही मोलाचीच सोय होती; तरी छपाई सुबक हवी असल्यास प्रत्येक अक्षराची रुंदी नोंदवणारा तक्ता सॉफ्टवेअरजवळ असावाच लागतो. डोनाल्ड नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत असा तक्ता प्रत्येक टंकासोबत असतो आणि फ्रान्स वेल्थुइस यांनी तीत देवनागरीची सोय केली. तक्ता नसेल तेथे गावांची नावे आणि आकडे यांचे रकाने कोऱ्या जागा देऊन जुळवू नयेत. ते टॅबने, म्हणजे कागदाच्या कडेपासून मोजलेल्या ठरावीक अंतरावर बांधावेत आणि सॉफ्टवेअर छापताना त्या टॅबच्याच कोऱ्या जागा करत नाही ना, हे आधी पाहावे.