एम-इंडिकेटर : गर्दीतल्या प्रवाशासाठी घडलेले ॲप

सचिन टेके या सॉफ्टवेअर अभियंत्याने २०१० मध्ये मुंबई लोकलचे वेळापत्रक मोबाइलवर आणले. त्या ॲपचे नाव एम-इंडिकेटर आणि कंपनीचे मोबॉन्ड. रचनातज्ज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९९३ मध्ये ॲपल कंपनीत आपल्या पदनामात ‘यूजर एक्स्पीरियन्स’ (वापरणाऱ्याचा अनुभव) हे शब्द घेतले, तेव्हापासून या विषयावर ग्रंथ लिहिले गेले. टेके यांच्या कामात हा विषय कसा वापरला गेला, ते समजून घेण्यासाठी ठाकुर्लीच्या फलाटावर जावे.

ठाकुर्लीला जलद लोकल थांबत नाही. अलीकडे डोंबिवली, पलीकडे कल्याण. जलद गाडी हवी तर धीमी पकडून यांपैकी एक स्थानक गाठायचे. त्यामुळे येथील प्रवाशाला छापील वेळापत्रक अख्खे वाचून उपयोग नसतो. पुढची धीमी कधी, ती डोंबिवलीला पोहोचल्यावर कोणती जलद हाती लागेल, की उलटे कल्याणला जाऊन बसून यावे, एवढेच त्याला हवे असते. आणि तेही पुलाच्या पायऱ्या उतरता उतरता.

२०१० मध्ये बहुतेकांच्या खिशात बटणांचा फोन होता आणि इंटरनेट महाग होते. म्हणून पहिले एम-इंडिकेटर जावावर चालणाऱ्या साध्या फोनसाठी तयार झाले, आणि सगळे वेळापत्रक फोनमध्येच साठवलेले असे. नेटवर्क नसले तरी उत्तर मिळे. या एका निर्णयात टेके यांचे अर्धे यश आहे. त्याची किंमतही होती : रेल्वेने वेळा बदलल्या की ॲप अद्ययावत करणे आले, नाहीतर खिशातली माहिती चुकीची ठरणार.

दुसरा गुण भाषेचा. वापरसुलभतेचे अभ्यासक जाकोब निल्सन यांच्या १९९४ च्या दहा निकषांत, यंत्राने वापरणाऱ्याच्या ओळखीच्या शब्दांत बोलावे असा एक निकष आहे. फलाटावरच्या इंडिकेटरवर कर्जतसाठी ‘एस’ आणि कसाऱ्यासाठी ‘एन’ ही अक्षरे दिसतात. नवख्याला ती कोडी वाटतात, पण रोजच्या प्रवाशाला अंगवळणी पडलेली असतात. ॲपनेही ‘स्लो’, ‘फास्ट’ असे प्रवाशांच्या तोंडचे रोजचेच शब्द ठेवले, आणि फलाट कोणत्या बाजूला येणार हेही सांगितले. गर्दीच्या डब्यात दाराकडे वेळेवर सरकायचे असेल, तर ही माहिती वेळेइतकीच मोलाची.

पुढे अँड्रॉइड आले. बेस्टच्या बस, रिक्षा-टॅक्सीची भाडी, रविवारचा मेगाब्लॉक, महिलांच्या सुरक्षिततेची सोय, सहप्रवाशांशी गप्पा, नोकऱ्या, इतकेच काय मराठी नाटकांचे प्रयोगही ॲपमध्ये जमा झाले. प्रवाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हटल्यावर खर्च जाहिरातींवर भागवावा लागतो, आणि पडद्यावर गर्दी वाढते. घाईच्या माणसाला ती खुपते. पण सशुल्क वेळापत्रक इतके पसरले नसते, हेही खरे.

वेळापत्रक गाडीची ठरलेली वेळ सांगते. गाडी प्रत्यक्ष कुठे आहे हा वेगळा प्रश्न. लोकलच्या गाड्यांवर जीपीएस बसवून मध्य रेल्वेने २०२२ मध्ये आपल्या ‘यात्री’ ॲपवर त्याचे उत्तर देणे सुरू केले. म्हणजे टेके यांनी ज्या प्रवाशाची गरज ओळखली, त्याला गाडी प्रत्यक्ष कुठे आहे हे सांगणारी अधिकृत सोय व्हायला तब्बल बारा वर्षे लागली.