हातोहात पोचलेला धम्म

आषाढी पौर्णिमेच्या सुमारास खानदेशात कपाशीची निंदणी चाललेली असते. दिवसभर रानात वाकलेली माणसे संध्याकाळी हातपाय धुऊन विहारात येतात, कारण त्या पौर्णिमेपासून वर्षावास सुरू झालेला असतो. पावसाचे तीन महिने भिक्षूंनी भटकंती थांबवून एका जागी राहायचे, हा मूळचा नियम. महाराष्ट्रातल्या बौद्धांनी त्याला घरसंसारी रूप दिले. आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज थोडे थोडे करून एक ग्रंथ सगळ्यांनी मिळून वाचायचा. हा ग्रंथ बहुतेक ठिकाणी ठरलेला, बाबासाहेब आंबेडकरांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचन मराठीत होते आणि त्यानंतरचे बोलणे हळूहळू अहिराणीवर जाते.

या प्रथेवर चळवळीतूनच एक आक्षेप घेतला जातो: आपण पोथी सोडली आणि पुन्हा पोथीच धरली का? आक्षेप अगदी खोटा नाही. ग्रंथावर फुले वाहायची, एक प्रकरण भराभर वाचायचे, सरणत्तय म्हणायचे आणि उठायचे, असे वाचन जागोजागी होते. पण दोष ग्रंथाचा नाही. या ग्रंथाच्या सुरुवातीलाच बाबासाहेबांनी वाचकापुढे चार प्रश्न टाकले आहेत. सिद्धार्थाने घर का सोडले? चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणीतलीच आहेत का? आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसे समजायचे? भिक्षुसंघ कशासाठी, स्वतःपुरता पूर्ण माणूस घडवायला की समाजाची सेवा करायला? अशा प्रश्नांनी उघडणारी पोथी माझ्या तरी पाहण्यात नाही. ज्याला हे प्रश्न बोलून पाहायला कोणी सोबती नाही, त्याच्या हातात हा ग्रंथ अर्धाच पडतो.

खुद्द बाबासाहेबांच्या हातात बुद्ध आला तोही कोणीतरी दिला म्हणून. कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईच्या विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला त्यांना दिसे. ओळख झाली, वाढली. मुलाच्या यशाबद्दल वस्तीतल्या लोकांनी सभा भरवली, तिथे केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. ही सभा कोणत्या परीक्षेनंतरची, यावर मात्र दोन साक्षी आहेत. चरित्रकार धनंजय कीर १९०७ ची मॅट्रिक सांगतात. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीचा उल्लेख आहे. ती प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही, त्यामुळे ज्या पुस्तकाने सुरुवात झाली त्याचे ऋण ग्रंथाच्या बाहेरच राहिले. परीक्षा कोणतीही असो, परिणामाबद्दल शंका नाही. ते चरित्र वाचून मुलाला प्रश्न पडला, की वडिलांनी आपल्याला रामायण-महाभारत वाचायला लावले, मग बौद्ध वाङ्मय का नाही दाखवले? वडील रामजी सुभेदार कबीरपंथी, घरात भजन आणि वाचन दोन्ही. तरीही बुद्ध घरातून मिळाला नाही, बाहेरच्या एका वडीलधाऱ्या मित्राकडून मिळाला.

बाबासाहेबांनी पुढे तीच रीत चालवली. पी. लक्ष्मी नरसू यांचे ‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’ हे १९०७ चे पुस्तक मिळेनासे झाले होते, ते त्यांनी १९४८ साली स्वतःची प्रस्तावना जोडून पुन्हा छापवून घेतले. पुस्तक आवडले की ते दुसऱ्याच्या हातात पडेल अशी तजवीज करायची, हा त्यामागचा हिशेब. बाबासाहेबांच्या मूळ इंग्रजी धम्मग्रंथाचा मराठी अनुवाद घनःश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे या तिघांनी मिळून केला. त्यातले रेगे सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल, म्हणजे पुस्तके देण्याघेण्यातच ज्यांचे आयुष्य गेले असे गृहस्थ.

याच काळातला दुसरा वाचक गोव्याचा. धर्मानंद कोसंबी साखवाळचे, जन्म १८७६. शाळा फारशी झाली नाही. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयी थोडे वाचायला मिळाले, मग गोविंद नारायण काणे यांनी लिहिलेले बुद्धचरित्र हाती आले आणि माणूस बेचैन झाला. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ करत १९०२ साली ते सिलोनला पोचले आणि तिथे पाली शिकले. पुढे कलकत्ता विद्यापीठातली महिना अडीचशे रुपयांची नोकरी त्यांनी सोडली, कारण सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये देऊ केले होते. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहायचे आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचे. अडीचशेवरून पन्नासावर खुशीने उतरणारा लेखक आज कोणत्या प्रकाशकाला सापडेल कोण जाणे!

वर्षावासात कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’ बाबासाहेबांच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचावे, असे मला वाटते. वरच्या चार प्रश्नांपैकी नुसत्या पहिल्याचेच पाहा. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ रात्री गुपचूप निघून गेला, ही गोष्ट शाळेपासून आपल्या कानावर आहे. दोघांनाही ती पटत नाही. कोसंबी जुनी पाली सुत्ते पुढे ठेवतात. आईवडील रडत असताना त्यांच्यासमोर आपण बाहेर पडलो, असे बुद्ध स्वतःच तिथे सांगतात, मग गुपचूप कुठले? खरे कारण शाक्य आणि कोलिय यांच्यातले रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडण, असा कोसंबींचा तर्क. बाबासाहेबांच्या ग्रंथातही घर सोडायला हेच भांडण कारण होते, पण तिथे ते एका सभेत उभे राहते. शाक्य संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ उघड विरोध करतो. संघ त्याच्या घरावर सामाजिक बहिष्कार घालू शकतो आणि जमीन जप्त करू शकतो, असे सेनापती त्याला बजावतो. आपल्यापायी घरच्यांना शिक्षा नको म्हणून तो परिव्रज्या पत्करतो. एकाने सुत्तांचा पुरावा लावला, दुसऱ्याने त्या घटनेतली सत्ता आणि शिक्षा उघडी केली. गावकीने पाणवठा बंद केल्याच्या आठवणी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, तिथे बहिष्कार म्हणजे काय हे समजवावे लागत नाही.

पाण्याचे भांडण तर धुळे जिल्ह्याला मुळीच नवे नाही. पण इथे पांझरा नदीवर शेकडो वर्षे फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, रानाचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, पाणी कोणाला कधी हे शेतकऱ्यांच्याच पंचांनी ठरवायचे आणि पाटकऱ्याने ते सोडायचे. दुष्काळात कोणत्या फडाचे पाणी तोडायचे, हाही निर्णय एकत्रच. शाक्य-कोलियांकडे रोहिणीवर अशी काही व्यवस्था असती तर? साक्री तालुक्यातल्या वाचन मंडळाने या एका प्रश्नावर संध्याकाळ घालवली तरी पाली टीकाकारांना न सुचलेले काही निघेल.

खानदेशाचा बौद्ध विचाराशी आणखी एक संबंध आहे, पण तो फारसा कोणी सांगत नाही. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढले. तिथला मुख्य कल अद्वैत वेदान्ताचा. पण टी. आर. व्ही. मूर्ती हे तिथेच काही वर्षे अभ्यास करत होते. मलकानी आणि रासविहारी दास या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९३३ साली ‘अज्ञान’ या विषयावर एक पुस्तक काढले, तिघांची तीन मते एका बांधणीत. याच मूर्तींनी १९५५ साली नागार्जुनाच्या माध्यमिक तत्त्वज्ञानावर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो अजूनही वगळता येत नाही.

धुळ्याजवळ देडरगावच्या बाजूला ‘धम्म सरोवर’ हे विपश्यना केंद्र आहे. तिथला दहा दिवसांचा नियम विहारातल्या वाचनाच्या नेमका उलटा. वाचायचे नाही, लिहायचे नाही, बोलायचे नाही. ज्यांची वाट पुस्तकांतून आली त्यांना हे खटकते. शिबिरातून आलेल्यांना विहारातली वादावादी कोरडी वाटते. एकाच गावात हे दोन गट एकमेकांच्या कार्यक्रमांना जात नाहीत, हे चांगले नाही. गंमत म्हणजे पाली त्रिपिटक आणि त्यावरच्या अट्ठकथा देवनागरीत छापण्याचे मोठे काम केले ते याच परंपरेतल्या इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने. मौनवाल्यांनी छापलेले खंड वाद घालणाऱ्यांनी वापरावेत, यात अडचण कसली? चांगला मित्र म्हणजे निम्मे साधकजीवन, असे आनंद म्हणाला तेव्हा बुद्धाने त्याला दुरुस्त केले की निम्मे नव्हे, सगळेच. हे संयुत्त निकायात आहे आणि दोन्ही गट ते मानतात.

३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गर्दी लोटते. १९३७ साली त्या दिवशी बाबासाहेब धुळ्याला एका खटल्यासाठी आले आणि तिथे थांबले होते. वर्षावास तेव्हा बहुधा सुरू झालेला असतो. तिकडे जाताना घरातले, वाचून झालेले एखादे पुस्तक पिशवीत टाका आणि ज्याच्याशी वाद घालायला आवडेल अशा माणसाला देऊन या. विहारांनी एवढे करावे, की केळुसकर आणि कोसंबी यांची बुद्धचरित्रे छापून वाटावीत. केळुसकर १९३४ साली गेले, कोसंबी १९४७ साली, आणि आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखनावरचा हक्क संपतो. दोघांची बुद्धचरित्रे आज कोणीही, कोणाची परवानगी न घेता, छापून वाटू शकतो.