धुण्याचे यंत्र घेताना



पोटाला जशी भाकर लागते, तसे अंगाला धुतलेले वस्त्र लागते. धुणे कोणत्याच घराला चुकलेले नाही. बहुतेक घरांत हे काम बाईमाणसाकडे असते. नदीवर, विहिरीवर, नाहीतर मोरीतल्या दगडावर ती वाकून बसते. कपडे भिजवते, साबण लावते, धोपटते, खळबळते, पिळते आणि वाळत घालते. त्याआधी पाणीही तिलाच भरावे लागते.

आता खेड्यांतही धुण्याची यंत्रे आली आहेत. दुकानात गेले की दुकानदार विचारतो, “टॉप लोड पाहिजे की फ्रंट लोड?” टॉप लोड म्हणजे ज्यात कपडे वरून टाकतात ते यंत्र. फ्रंट लोड म्हणजे ज्याला समोर दार असते ते. या दोहोंतले कोणते घ्यावे, ते आज पाहू. पण आधी माझी फजिती सांगतो.

माझी फजिती

मी शाळेतून निवृत्त झालो. हाती थोडे पैसे आले. मनात म्हटले, पस्तीस वर्षे पत्नीने सगळ्या घराचे धुणे धुतले. तिचे गुडघे दुखतात, बोटांना भेगा पडल्या आहेत. आता तिला विसावा द्यावा.

मी तालुक्याला गेलो. दुकानात एक देखणे यंत्र होते. समोर काचेचे गोल दार होते. दुकानदार म्हणाला, “गुरुजी, सगळ्यांत भारी हेच.” मी किंमत मोजली आणि टेम्पोत घालून ते घरी आणले.

नळ जोडला. बटण दाबले. पाण्याची करंगळीएवढी धार आत येऊ लागली. थोड्या वेळाने यंत्र टीं टीं करून थांबले. पुन्हा लावले, पुन्हा थांबले. आमची पाण्याची टाकी मोरीच्या छतावर. यंत्राच्या वर ती जेमतेम चार फूट. एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्याला जोर कुठला?

दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, “वापरलेला माल परत घेता येत नाही.” मग तीन महिने ते यंत्र ओटीवर नुसते उभे राहिले. पत्नीने त्यावर जुने लुगडे पांघरले आणि ती पुन्हा दगडावर धुणे धुऊ लागली.

एक दिवस मी म्हटले, “चुकलंच माझं.”

ती म्हणाली, “अहो, आणायच्या आधी मला विचारलं असतं तर? आपल्याकडं पाणी कसं येतं, ते मला ठाऊक आहे.”

खरेच होते ते. पाणी ती भरते, धुणे ती धुते. आणि यंत्र निवडले मी, ज्याने स्वतःचा सदराही कधी धुतला नाही! म्हणून मी मग या यंत्रांची नीट माहिती करून घेतली. तीच तुम्हाला सांगतो.

कपडा स्वच्छ कसा होतो?

कपड्याचा मळ तीन गोष्टींनी निघतो. साबण तेलकट मळ सोडवतो. चोळण्या-आपटण्याने तो धाग्यांतून सुटतो. पाणी तो वाहून नेते. यंत्रही हेच करते. फक्त करण्याची तऱ्हा वेगळी असते.

वरून कपडे टाकायच्या यंत्रात एक उभे पिंप असते. पिंपाच्या तळाशी चकती असते किंवा मध्ये खांब असतो. ताक घुसळताना रवी जशी उलटसुलट फिरते, तशी ती चकती फिरते. कपडे पाण्यात घुसळले जातात. ते नीट फिरायचे, तर पाण्यात बुडालेले हवेत. म्हणून या यंत्राला पाणी जास्त लागते.

समोरच्या दाराच्या यंत्रात पिंप आडवे असते. तळाशी थोडेच पाणी असते. पिंपाच्या आत उंचवटे असतात. पिंप फिरले की ते कपडे उचलून वर नेतात आणि खाली पाण्यात टाकतात. आपण धुणे दगडावर आपटतो ना? तसेच हे. पण दगडाइतका मार नसतो, म्हणून कपडा कमी झिजतो. मळ चांगला निघतो. कपडे बुडवावे लागत नाहीत, म्हणून पाणी कमी लागते.

आणखी एक तिसरा प्रकार आहे. त्याला सेमी ऑटोमॅटिक म्हणतात. त्यात शेजारी शेजारी दोन पिंपे असतात. मोठ्यात कपडे धुवायचे. मग ते हाताने उचलून लहान पिंपात टाकायचे. लहान पिंप गरगर फिरून पाणी झटकते. यात थोडे काम माणसाला करावे लागते. पण किंमत सगळ्यांत कमी असते आणि पाणी बादलीने ओतता येते.

पाण्याचा हिशेब

आता हिशेब मांडू. सात किलो कपड्यांचे एक धुणे धरा. समोरच्या दाराच्या यंत्राला साधारण 60 लिटर पाणी लागते. वरून टाकायच्या पूर्ण आपोआप चालणाऱ्या यंत्राला साधारण 120 लिटर लागते. 15 लिटरची घागर धरली, तर पहिल्याला 4 घागरी आणि दुसऱ्याला 8 घागरी. रोज धुणे असेल, तर फरक ध्यानात घ्या.

मग वाटेल, समोरच्या दाराचेच बरे. पण थांबा. पाणी किती लागते एवढेच पाहून चालत नाही. ते कसे येते तेही पाहावे लागते.

आपोआप चालणारे यंत्र नळातून स्वतः पाणी घेते. त्या पाण्याला जोर हवा. टाकी यंत्रापेक्षा निदान दहा-बारा फूट उंच असली, तर पुरेसा जोर मिळतो. टाकी जवळ असेल, नाहीतर नळ दोन दिवसांआड येत असेल आणि पाणी पिंपात साठवून ठेवावे लागत असेल, तर आपोआप चालणारे यंत्र अडून बसते. तिथे सेमी ऑटोमॅटिकच उपयोगी पडते.

सेमीत आणखी एक सोय आहे. साबणाचे पाणी लगेच सोडून द्यावे लागत नाही. त्यात आधी पांढरे कपडे धुवा, मग रंगीत, मग शेतातले. खळबळायला मात्र स्वच्छ पाणी घ्या.

बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही. यंत्राच्या आत पांढरा थर बसतो. पाणी तापवण्याची सोय असलेल्या यंत्रात तो तापवणाऱ्या नळीवर जास्त बसतो. त्यासाठी बाजारात पूड मिळते. पुस्तिकेत सांगितले असेल तशी ती वापरावी.

विजेचा हिशेब

1000 वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज जळते. थंड पाण्याने धुतले, तर एका धुण्याला अर्ध्या युनिटाच्या आत भागते. समोरच्या दाराच्या यंत्रात बहुधा पाणी तापवायची सोय असते. ती साधारण 2000 वॅटची असते. ती अर्धा तास चालली की एक युनिट गेले. म्हणून रोजचे धुणे थंड पाण्यात लावा. आजाऱ्याची पांघरुणे, लहान मुलांची दुपटी यांना गरम पाणी वापरा.

वेळेचाही विचार करा. समोरच्या दाराच्या यंत्राला एका धुण्याला एक ते दोन तास लागतात. वरून टाकायच्या यंत्राला साधारण पाऊण तास ते तास लागतो. तुमच्या गावी वीज वरचेवर जात असेल, तर लांबलेले धुणे मध्येच अडकते. दार बंद, पाणी आत, कपडे आत! वीज परत आल्यावर यंत्र राहिलेले काम पुढे करते का, हे दुकानातच विचारून घ्या.

वीज वापरताना जिवाला जपा. यंत्राजवळ पाणी असतेच. म्हणून तीन पायांचा प्लग आणि चांगले अर्थिंग हवेच. अर्थिंग नसेल तर यंत्र लावूच नका. वायरमनला बोलावून आधी ते करून घ्या. ओल्या हाताने बटण दाबू नका. मोरीत पाण्यात उभे राहून यंत्राला हात लावू नका. सेमीचे लहान पिंप पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालू नका. मुलांना यंत्राशी खेळू देऊ नका.

साबण, पाठ आणि पावसाळा

समोरच्या दाराच्या यंत्राला कमी फेसाची वेगळी पूड लागते. हाताने धुण्याची पूड घातली, तर फेस उतू जातो आणि कपडे फेसावर तरंगतात. मग ते आपटले जात नाहीत आणि मळ निघत नाही. पूड जास्त घातली म्हणजे कपडे जास्त स्वच्छ होतात, असे नाही.

या यंत्राच्या दाराला रबर असते. त्यात पाणी साचून वास येतो. धुणे झाले की रबर पुसावे आणि दार थोडे उघडे ठेवावे. नवे यंत्र आणले की त्याच्या मागचे मोठे बोल्ट आधी काढावेत. प्रवासात पिंप हलू नये म्हणून ते लावलेले असतात. ते तसेच राहिले, तर यंत्र घरभर उड्या मारते आणि बिघडते.

ज्यांचे गुडघे, पाठ दुखते, त्यांना वरून कपडे टाकणे सोपे जाते. समोरच्या दारासाठी वाकावे लागते. ते यंत्र उंच ओट्यावर ठेवायचे असेल, तर ओटा भक्कम आणि सपाट हवा.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. समोरच्या दाराचे पिंप मिनिटाला 1000 ते 1400 फेरे घेऊन पाणी झटकते. वरून टाकायच्या आपोआप यंत्राचे फेरे साधारण 700 असतात. जास्त फेरे म्हणजे कमी ओले कपडे. कोकणात, घाटमाथ्यावर हा गुण मोठा आहे. सेमीचे लहान पिंपही जोरात फिरते, त्यामुळे त्यातलेही कपडे लवकर वाळतात.

यंत्रावर सहा, सात, आठ किलो असे लिहिलेले असते. ते कोरड्या कपड्यांचे वजन असते. पिंप दाबून भरू नका. जाड गोधडी आणि वाकळ यंत्रात घालू नका. पाणी पिऊन ती फार जड होते. तिला नदीच बरी.

मग घ्यावे कोणते?

घरात टाकी उंच आहे, पाणी रोज येते पण जपून वापरावे लागते, वीज टिकते आणि पैसे आहेत. अशा घराने समोरच्या दाराचे घ्यावे.

पाणी भरपूर आहे, नळाला जोर आहे, वाकणे जमत नाही आणि धुणे लवकर उरकायचे आहे. अशा घराने वरून टाकायचे आपोआप चालणारे घ्यावे.

पाणी भरून ठेवावे लागते, वीज जाते-येते आणि पैसे बेताचे आहेत. अशा घराने सेमी घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहा. टाकी किती फूट उंच आहे? पाणी किती दिवसांनी येते? वीज कधी जाते? बिघाड झाला तर दुरुस्तीला माणूस कुठून येईल? आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा इथे उपयोग करा. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा हा कागद खरा.

आमच्या घरी पुढे काय झाले, तेही सांगतो. मुलाची नोकरी शहरात आहे. तो तिसऱ्या मजल्यापर्यंत नळ असलेल्या इमारतीत राहतो. तिथली टाकी उंच गच्चीवर आहे. ते यंत्र तो घेऊन गेला. तिथे ते उत्तम चालते. म्हणजे यंत्र वाईट नव्हते, जागा चुकली होती.

मग आम्ही दोघे पुन्हा तालुक्याला गेलो. या वेळी मी गप्प बसलो. पत्नीने विचारले, “पाणी बादलीनं ओतता येतं का? झाकण किती उंचीवर आहे? खालचं पाणी कुठून निघतं?” तिने सेमी निवडले. आज ते आमच्या मोरीशेजारी चालते आहे. बादलीने पाणी ओतायचे काम मी करतो. पहिल्या दिवशी चार बादल्यांतच माझी कंबर धरली. तेव्हा कळले, पस्तीस वर्षे तिने काय उचलले होते.

म्हणून सांगतो, यंत्र घ्यायला जाल तेव्हा घरात जी धुणे धुते, तिला बरोबर न्या. आणि तिचे म्हणणे आधी ऐका.