आजींची सही

संध्याकाळी साडेसहाला सिस्टर फाईल घेऊन आल्या त्या थेट माझ्याकडे. आई पलंगावर बसलेली, हाताला सलाईनची सुई, पण पूर्ण शुद्धीत. "दादा, इथं, इथं आणि मागच्या पानावर. नाव लिहा, नातं पण लिहा." पलंगाच्या कडेवर फाईल टेकवून मी दोन सह्या ठोकल्यासुद्धा. पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून ऑपरेशन, सकाळचा पहिला नंबर. वाचायचं काय त्यात?

तिसऱ्या सहीला मात्र पेन अडखळलं. 'मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आले आहे' असं खाली छापलेलं होतं आणि वर ऑपरेशनचं नाव, संभाव्य धोके, दुसरे पर्याय या तिन्ही जागा कोऱ्या. तीस वर्षं मी पतसंस्थेत काढली. कोऱ्या अर्जावर सही करणाऱ्या खातेदाराला खिडकीतून परत पाठवणारा मीच. "हे भरायचं राहिलंय," म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, "ते डॉक्टर नंतर भरतात." त्यांचाही दोष नव्हता. त्या मजल्यावर त्या संध्याकाळी दोघीच होत्या आणि पलीकडच्या खोलीतली बेल वाजत होती.

तेवढ्यात भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. त्यांनी फाईल चाळली, माझी सही पाहिली, मग आईकडे पाहिलं. "आजींना सही येत नाही का?"

"येते की," आईच म्हणाली.

मॅडमनी स्टूल ओढलं आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. मला तेव्हा जरा अपमान वाटला. पुढची पंधरा मिनिटं त्या दोघींतच बोलणं झालं. कवळी आहे का? आधी कधी भूल दिली होती का? जिना चढताना दम लागतो का? रक्तदाबाची गोळी सकाळी घेता की रात्री? मग फाईलवरच्या माझ्याच अक्षरावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "तंबाखू नाही ना?"

"न्हाई."

"मशेरी?"

आईने पदर तोंडाशी नेला. "ती लावती की. दिसातनं तीनदा. ती काय तंबाखू हाय व्हय?"

दाखल करताना 'व्यसन' या रकान्यात 'नाही' मीच लिहिलं होतं, ठोकून. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास माझ्या लहानपणाचा वास आहे, पण त्याला व्यसन असं आमच्या घरात कधी कुणी म्हटलं नाही. पुढचा प्रश्न तर माझ्या कल्पनेतही नव्हता. गुडघ्यासाठी काही घेता का? घेत होती. आठवडी बाजारात बसणाऱ्या एका वैदूकडून पुड्या, दोन वर्षं. सुनेलाही माहीत नाही.

मॅडमचा चेहरा बदलला. अशा बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं, त्यांनी समजावलं. ते रोज पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब एकदम कोसळू शकतो. फाईलवर लाल शाईने दोन ओळी आल्या, एक रक्ततपासणी वाढली, आणि टेबलावर एक इंजेक्शन तयार ठेवायची सूचना लिहिली गेली. आईला त्या रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यात सतरा हक्क आहेत आणि शेवटी रुग्णांच्या जबाबदाऱ्याही. डॉक्टरांपासून काही लपवू नये, ही त्यांतली एक. वाचताना ती शाळेतल्या सुविचारासारखी वाटते. पण जी गोष्ट एकट्या रुग्णाला माहीत आहे ती नातेवाईक कशी सांगणार? आणि रुग्णाला कुणी विचारलंच नाही तर तो तरी केव्हा सांगणार?

सहीचंही तेच. दिल्लीतली ४४ वर्षांची एक महिला दुर्बिणीच्या तपासणीसाठी गेली. तिला भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि बीजांडकोश काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला: रुग्ण सज्ञान होती, फक्त तात्पुरती बेशुद्ध होती, जिवावरचा प्रसंग नव्हता, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. भरपाई मिळाली २५,००० रुपये. आकडा वाचून मला राग आला, पण तत्त्व पक्कं झालं. सज्ञान, शुद्धीवरच्या माणसाच्या वतीने आई सही करू शकत नाही, मग मुलगा कसा करणार?

आपल्याकडे मात्र प्रेमाची रीतच वेगळी. "आईला काही सांगू नका, ती घाबरते," असं मीच डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगितलं होतं. प्रत्यक्षात तिच्या मनात तीन आठवडे एकच प्रश्न होता, तो तिने रात्री सर्जन राउंडला आले तेव्हा विचारला. "पित्ताची पिशवी काढल्यावर अन्न पचंल का?" त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे यकृत काढलं, खाली पिशवी, मधे नळी. पित्त यकृतात बनतं, पिशवी नुसती साठवते. आत फार चिकटलेलं निघालं तर दुर्बीण सोडून पोट उघडावं लागेल, तेही सांगितलं. कोऱ्या जागा तिच्यासमोर भरल्या. आईने चष्मा मागितला. तो मी 'हरवायला नको' म्हणून बॅगेत तळाशी टाकलेला. उपसून काढला. तिने माझ्या दोन सह्यांच्या वर आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. माझी सही साक्षीदाराची झाली.

ऑपरेशन चाळीस मिनिटांत झालं. इंजेक्शन वापरावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. म्हणजे सकाळी नऊला 'घरी जा' आणि दुपारी दोनला खरोखर जाणं. मधला वेळ मी खालच्या लॉबीत काढला. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे खाजगी रुग्णालयाने हक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर लोकांना दिसतील असे लावायचे असतात. इथे लावलेले होते, मनीप्लांटच्या कुंडीमागे, बारीक टायपात. त्याच्या शेजारी दुप्पट मोठी लाल पाटी: डॉक्टरांवर हल्ला केल्यास २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. पाटी योग्यच आहे, मार खाल्लेले डॉक्टर मला माहीत आहेत. कुंडी तेवढी मी सरकवून ठेवली.

काउंटरवर केसपेपरच्या प्रती मागितल्या. अर्ज केल्यापासून ७२ तासांत द्याव्यात असा नियम २००२ पासून आहे. काउंटरवरच्या मुलाने काही न बोलता अर्जाचा कागद पुढे केला. तिथे भांडायची तयारी करून गेलेलो मी जरा हिरमुसलोच.

मग शेवटचा कागद आला: बिल समजले, औषधे समजली, रुग्ण ताब्यात मिळाला. आई शेजारी व्हीलचेअरवर होती, चष्मा डोळ्यांवर. मी पेन तिच्या हातात दिलं.

"आजी, थांबा," मुलगा म्हणाला, "इथं नातेवाईकाची सही लागते."

रुग्णाच्या सहीला त्या कागदावर जागाच नव्हती.