पटावरची लढाई

बुद्धिबळाच्या डावात दोन्ही खेळाडूंपुढे एकच पट असतो. प्रतिपक्षाचा उंट कोठे उभा आहे, हे डोळ्यांस दिसत असते. दिसत नाही तो केवळ त्याच्या मनातील बेत. रणांगणावरील सेनापतीस एवढीही सोय नसते. टेकडीपलीकडे शत्रू किती आहे, आपण धाडलेला निरोप पोचला की वाटेतच अडला, यांपैकी कशाचीही खात्री नसताना त्यास आज्ञा द्यावी लागते.

ही अडचण शिकवावी कशी? प्रशियाच्या तोफखान्यातील फोन राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने १८२४ साली त्यासाठी एक युद्धक्रीडा प्रसिद्ध केली. पट म्हणजे प्रदेशाचा तपशीलवार नकाशा आणि सोंगट्या म्हणजे लाल व निळी पथके. दोन्ही पक्ष आपल्या आज्ञा पंचाकडे देत, आणि ज्या पक्षास जेवढे दिसू शकेल तेवढेच पंच त्यास कळवी. निरोप्यास जाण्यास जितका वेळ लागावा, तितका वेळ आज्ञाही अडून राही.

या विद्येची कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. ब्रिटन हे बेट. त्याचे धान्य व तेल अटलांटिक महासागरातून येई, आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवीत होत्या. जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूल येथील नाविक ठाण्यात गिल्बर्ट रॉबर्ट्स या कप्तानाकडे हा प्रश्न सोपविण्यात आला. क्षयामुळे त्यास पूर्वीच सेवानिवृत्त व्हावे लागले होते. मदतीस होत्या नौदलाच्या महिला दलातील काही तरुणी.

त्यांनी खोलीची जमीन हाच समुद्र मानला. भोवती कापडी पडदे लावले. संरक्षक नौकांचे अधिकारी पडद्याआड उभे राहत आणि लहानशा झरोक्यातून, प्रत्यक्ष समुद्रावर दिसेल तेवढेच पाहत. पाणबुडीचा मार्ग अशा रंगाच्या खडूने आखीत, की तो त्यांच्या नजरेस पडू नये. प्रत्येक चालीस वेळ अवघी दोन मिनिटे!

पूर्वीच्या हल्ल्यांचे डाव मांडता मांडता रॉबर्ट्सच्या ध्यानात आले, की काफिल्याच्या मधोमध असलेली जहाजे बुडतात ती बाहेरून सुटलेल्या पाणतीरांनी नव्हे. पाणबुडी रात्री पाठीमागून, पाण्याच्या पृष्ठावरूनच, जहाजांच्या रांगांत शिरते. आणि हल्ला करून बुडी मारते, तोवर काफिला तिच्या माथ्यावरून पुढे निघून जातो. संरक्षक नौका मात्र तिला बाहेर शोधीत असत. मग काफिल्याच्या मागील बाजूस शोध घेण्याची नवी पद्धत ठरली. हिटलरला वेडावून दाखवावे, अशा थट्टेने जीन लेडलॉ या तरुणीने तिला ‘रास्पबेरी’ हे नाव दिले.

पुढे ॲडमिरल मॅक्स हॉर्टन यांनी स्वतः पाणबुडीची बाजू घेऊन खेळून पाहिले. पहिल्या महायुद्धातील ते नामांकित पाणबुडी-अधिकारी. प्रत्येक डावात ते सापडले. समोर कोण खेळत होते, म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा पडद्याआडून विशीतील जेनेट ओकेल बाहेर आली. युद्ध संपेपर्यंत त्या जमिनीवर सुमारे ५,००० अधिकारी शिकून गेले.

आता कापडी पडद्याचे काम अंतरच करते. २०२० साली कोरोनाच्या साथीत एकत्र जमणे अशक्य झाले, तेव्हा युद्धक्रीडा घरोघरी बसून संगणकांवरून खेळल्या गेल्या. बोलणे मध्येच तुटे, संदेश उशिरा पोचे. खेळणाऱ्यांस त्याचा त्रास झालाच. परंतु राइसविट्झचा पंच जे मुद्दाम घडवून आणी, ते येथे आपोआपच घडत होते.